मोटारीचे बॉल जॉइंट घरीं बदलावे काय?

बागायती गांवांतून बैलगाडीची जागा आतां छोट्या मालमोटारीनें घेतली आहे. भाजीपाला, कांदा, दूध, खत, पेंड, सर्व कांहीं तिच्यावरूनच जातें-येतें. बैलगाडीच्या काळीं आस व आरे पाहणें, वंगण घालणें हें काम घरचा धनी स्वतः करी, आणि सुताराकडे केव्हां जावयाचें हेंहि त्यासच कळे. मोटार आल्यापासून मात्र धन्यानें डिझेलचे पैसे द्यावे व बाकीचें सर्व ड्रायव्हर आणि मेस्त्री यांवर सोंपवावें अशी रीत पडली. ही रीत आम्हांस पसंत नाहीं. अलीकडे याच्या अगदीं उलट प्रकार दिसूं लागला आहे. फोनवर दहा मिनिटांची चित्रफीत पाहावयाची आणि वाटेल तें काम अंगणांत काढावयाचें. तोहि आम्हांस पसंत नाहीं. या दोहोंमधील योग्य मार्ग कोणता, याचा विचार पुढल्या चाकाच्या बॉल जॉइंटापुरता येथें करूं.

बॉल जॉइंट म्हणजे पोलादी वाटींत बसविलेली पोलादी गोळी आणि त्या गोळीस असलेला निमुळता दांडा. चाक वरखालीं होतें आणि उजवीडावीकडे वळतेंहि. हीं दोन्ही कामें एकाच सांध्यानें व्हावीं म्हणून ही रचना. पूर्वीं वळण्याचें काम किंगपिन करीत असे. अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें १९५४ सालच्या आपल्या मोटारींस पुढें बॉल जॉइंट बसविले, आणि पुढें हलक्या गाड्यांतून त्यांचा प्रसार झाला. वाटींत ग्रीस असतें व वर रबरी टोपी. ही टोपी फाटली कीं सांध्याचें आयुष्य संपत आलें असें समजावें. ओल्या शेतांतला चिखल, रस्त्याची धूळ आणि गाडी धुण्याच्या ठिकाणचा जोराचा फवारा, हीं तिन्ही त्या भेगेंतून आंत शिरतात. ग्रीस निघून जातें, आणि गंज व वाळू मिळून गोळी झिजवितात.

झीज फार झाली म्हणजे गोळी वाटींतून निसटते. मग चाक आडवें लोळतें, गाडीचा तो कोंपरा जमिनीवर बसतो, ब्रेकची नळी ताणून तुटूं शकते, आणि सुकाणूचें चक्र ड्रायव्हरच्या हातांत असून नसल्यासारखें होतें. शेतरस्त्यावर हें घडलें तर टोमॅटोचे चार क्रेट सांडतील. जुन्नराकडील माल घेऊन माळशेज घाट उतरतांना घडलें तर काय होईल हें लिहिण्याची गरज नाहीं. शिवाय मालावर मजूर बायका बसविण्याची आपली संवय आहे. ती कायद्यास धरून नाहीं, तरी सुटत नाहीं. ती ध्यानांत घेतली म्हणजे ही बाब केवळ धन्याच्या खिशाची राहत नाहीं.

प्रथम आपली गाडी कोणत्या जातीची हें खालीं वांकून पाहावें. ज्या गाडीस पुढेंहि पाटे असून दोन्ही चाकांमध्यें एकच अखंड आस आहे, तीस बहुधा किंगपिन असते, आणि बॉल जॉइंट फक्त सुकाणूच्या दांड्यांच्या टोंकांस, ज्यांस टाय रॉड एन्ड म्हणतात, तेवढेच असतात. ज्या गाडीचीं पुढलीं चाकें वर व खालीं अशा दोन बाहूंवर स्वतंत्र झुलतात, तिच्या त्या बाहूंच्या टोंकांसहि बॉल जॉइंट असतात. या दोहोंचा घोंटाळा करून नसलेला भाग दुकानांत मागणारे लोक आम्हीं पाहिले आहेत.

तपासणीविषयीं आमचें मत अगदीं ठाम आहे : ती प्रत्येक धन्यानें स्वतः, हंगामापूर्वीं आणि हंगामानंतर, केलीच पाहिजे. खड्ड्यांत ठक असा आवाज येणें, सरळ रस्त्यावर गाडी भटकणें, टायर एकाच कडेनें झिजणें, हीं बाहेरचीं लक्षणें होत. परंतु तेवढ्यावर निकाल देणें म्हणजे चावडींत बसून पिकपाहणी लिहिण्यासारखें आहे. आमच्या नोकरींत तशा नोंदींची फळें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. चाक उचलूनच पाहिलें पाहिजे. जेथें स्प्रिंग खालच्या बाहूवर टेकलेली असते, तेथें जॅक त्याच बाहूखालीं, चाकाच्या शक्य तितका जवळ लावावा. चासीखालीं लावला तर स्प्रिंग सांध्यास ताणून धरते आणि ढिलेपणा लपून राहतो. मग टायरखालीं पहार घालून हलकेच उचलावें व दुसऱ्यानें सांध्याकडे नजर ठेवावी. चाक वर व खालीं धरून हलविलें असतां ढिलें वाटलें, तर एकास ब्रेक दाबावयास सांगावें. ब्रेक दाबतांच ढिलेपणा नाहींसा झाला तर दोष बेअरिंगचा, सांध्याचा नव्हे. डावीउजवीकडे हलविल्यास टाय रॉड एन्डची झीज कळते. किती ढिलेपणा चालेल हें गाडीच्या पुस्तकांत पाहावें. ड्रायव्हरचें "अजून चालेल" हें माप नव्हे.

आतां बदलण्याविषयीं. बोल्टांनीं बसविलेला बॉल जॉइंट व टाय रॉड एन्ड हे घरीं बदलण्यास हरकत नाहीं, पण साधनें पुरीं असलीं तरच. जमीन सपाट व कठीण असावी, मागल्या चाकांस गुटके लावावे, आणि गाडी चासीखालीं लोखंडी घोड्यांवर टेंकवावी. विटा, दगड, लाकडाचे ओंडके यांवर गाडी ठेवून खालीं शिरणारा मनुष्य पैसा वांचवीत नसून जीव गहाण ठेवितो. खालच्या बाहूस जॅकचा आधार शेवटपर्यंत असावा, कारण दाबलेल्या स्प्रिंगेंत मोठा जोर सांठलेला असतो. स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण पुरा काढूं नये. कांहीं आटे शिल्लक ठेवावे, म्हणजे निमुळता दांडा एकदम सुटला तरी बाहू उडत नाहीं. दांडा पुलरनें सोडवावा. दांड्याच्या आट्यांवर हातोडी मारणें हें अडाणीपणाचें काम आहे. नवा सांधा बसवितांना निमुळतें तोंड व त्याचें भोंक कोरडें पुसून घ्यावें. तेथें ग्रीस लावूं नये. नट पुस्तकांत दिलेल्या जोरानें टॉर्क रेंचनें आंवळावा, आणि पिनेचें भोंक जुळलें नाहीं तर आणखी किंचित् आंवळावा, मागें कधींहि फिरवूं नये. पिन नवीच घालावी. दोन-चार रुपयांच्या पिनेची काटकसर करणारे महाभाग आहेत म्हणून हें लिहावें लागतें.

टाय रॉड एन्ड काढतांना त्याचे किती फेरे फिरले हें मोजून लिहून ठेवावें, व नवा तितक्याच फेऱ्यांनीं बसवावा. कित्येक गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, हेंहि विसरूं नये. तरीसुद्धां चाकांची दिशा यंत्रावर जुळवून घेतलीच पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका बागायतदारानें सांधे पैसे देऊन कारखान्यांत बदलून घेतले, पण तेथें दिशा जुळविण्याचें कोणीं नांवहि काढलें नाहीं. पुढले दोन्ही टायर एका हंगामांत वायां गेले. सांध्यांच्या किंमतीहून टायरांची किंमत किती अधिक हें वाचकांस ठाऊक आहे.

जेथें सांधा बाहूंत दाबून बसविलेला असतो, तेथें मात्र आम्ही घरच्या कामाच्या विरुद्ध आहों. तो काढण्यास व बसविण्यास दाबयंत्र लागतें. घणानें ठोकून बसविल्यास वाटी किंवा बाहूचें भोंक बिघडतें, आणि तो बिघाड डोळ्यांस दिसत नाहीं. रिव्हेटांनीं जोडलेल्या सांध्याचे रिव्हेट कापून त्या जागीं बरोबर आलेले बोल्ट घालतां येतात, पण तें काम हात बसलेल्यानेंच करावें. झिजलेल्या वाटीवर वेल्डिंगचे टांके घालून हंगाम काढून देण्याची युक्ति कोणी सुचवील तर त्यास गाडीजवळ येऊं देऊं नये.

कोणी म्हणतील, एवढीं साधनें एका शेतकऱ्यानें घेणें परवडत नाहीं. तें खरें आहे, आणि म्हणूनच हा लेख या मासिकांत लिहीत आहों. फवारणीचे पंप व पेरणीयंत्रें जशीं सामाईक ठेवितां येतात, तसाच एक पुलर, एक टॉर्क रेंच, एक ग्रीसगन, चार मजबूत घोड्या आणि एक चांगला जॅक संस्थेनें गोदामांत ठेवावा. यांतील एकहि वस्तु रोज लागत नाहीं, पण लागेल त्या दिवशीं तिच्यावांचून चालत नाहीं. नेणाऱ्याची सही, नेल्याची व आणल्याची तारीख नोंदवहींत घ्यावी, घोड्या परत घेतांना त्यांच्या पिना व पाय तपासून घ्यावे, आणि वस्तु मोडल्यास भरपाई कोणीं द्यावी हें पहिल्याच पानावर लिहून ठेवावें. येत्या वार्षिक सभेपुढें असा ठराव कोणा सभासदानें आणल्यास आम्ही त्यास अनुमोदन देऊं.