वेंकटरमण यांचा वारसा : संकेतांचे जतन आणि एक वादग्रस्त स्वाक्षरी

तंजावर : भोसल्यांच्या राजवटीमुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या तंजावर जिल्ह्याने देशाला एक राष्ट्रपतीही दिले आहेत. जिल्ह्यातील राजामडम गावी ४ डिसेंबर १९१० रोजी जन्मलेले रामस्वामी वेंकटरमण १९८७ ते १९९२ या काळात राष्ट्रपतिपदी होते. त्यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन आजही दोन परस्परविरोधी निर्णयांभोवती फिरते.

‘भारत छोडो’ आंदोलनात तुरुंगवास भोगलेले वेंकटरमण कामगार कायद्याचे जाणकार वकील होते. पहिल्या लोकसभेत ते तंजावरमधून निवडून गेले. पुढे मद्रास राज्याचे उद्योगमंत्री, केंद्रात अर्थ व संरक्षण मंत्री आणि उपराष्ट्रपती अशी पदे त्यांनी भूषविली. राष्ट्रपती या नात्याने त्यांनी राजीव गांधी, विश्वनाथ प्रताप सिंह, चंद्रशेखर आणि नरसिंह राव या चार पंतप्रधानांसोबत काम केले.

१९८९ मध्ये लोकसभा त्रिशंकू झाली, तेव्हा त्यांनी सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला, म्हणजे राजीव गांधींना, प्रथम पाचारण केले. त्यांनी नकार दिल्यानंतरच सिंह यांना निमंत्रण गेले. व्यक्तिगत पसंतीला वाव न देणारा हा क्रम पुढील त्रिशंकू लोकसभांच्या वेळी आधारभूत ठरला.

मात्र ३० जानेवारी १९९१ रोजी तामिळनाडूतील एम. करुणानिधी यांचे सरकार बरखास्त झाले. द्रमुकला विधानसभेत बहुमत होते. राज्यपाल सुरजितसिंग बर्नाला यांनी तसा अहवाल देण्यास नकार दिला होता. श्रीलंकेतील तमिळ वाघांच्या राज्यातील कारवायांचे कारण केंद्राने पुढे केले. परंतु चंद्रशेखर यांचे अल्पमतातील सरकार काँग्रेसच्या पाठिंब्यावर तगून होते आणि काँग्रेसची युती अण्णाद्रमुकशी होती. अनुच्छेद ३५६ मधील ‘अहवालावरून किंवा अन्यथा’ या शब्दांचा आधार घेण्यात आला आणि राष्ट्रपतींनी स्वाक्षरी केली.

मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असतो, हा त्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद निराधार नाही. तथापि, ४४ व्या घटनादुरुस्तीने तो सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आहे. वेंकटरमण यांनी या प्रसंगी तो वापरला नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लागू करण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठविली, तेव्हा केंद्राने माघार घेतली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बोम्मई खटल्यात अशा उद्घोषणा न्यायालयीन पुनर्विलोकनाच्या कक्षेत आणल्या आणि बहुमताची कसोटी सभागृहातच लागावी, असे स्पष्ट केले.

संकटसमयी आपोआप पेटणारा आणि एरवी शांत राहणारा दिवा, अशी राष्ट्रपतिपदाची कल्पना वेंकटरमण मांडत असत. दिल्लीतील सत्तापेचात तो दिवा पेटला. त्यांच्या स्वतःच्या राज्यातील निर्वाचित सरकार जाताना तो पेटायला हवा होता का, हा प्रश्न संघराज्याच्या चर्चेत अद्याप कायम आहे.