माडाची सावली आणि सौरविजेचे गणित

सूर्यप्रकाशास मोल द्यावे लागत नाही. परंतु तो पकडून त्याची वीज करण्यास पैसा, जागा व विचार हे तिन्ही लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली व ३ किलोवॅटच्या घरगुती संचास ७८,००० रुपयांचे अनुदान ठरले. छपरावर सौर पॅनेल बसविणे त्यामुळे सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु भाट्ये गाव माडांचे. येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून माडाचीच सेवा करीत आहे. अशा गावी छपरावर सावली पाडणाऱ्या माडाचे काय करावे, हा प्रश्न उपस्थित होणारच. त्यावर कुऱ्हाड उचलण्यापूर्वी संगणकाकडून हिशेब करून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या कामासाठी खास आज्ञावल्या आहेत. जिनिव्हा विद्यापीठात उगम पावलेली पीव्हीसिस्ट जगभर वापरली जाते. अमेरिकेची सॅम व युरोपीय आयोगाची पीव्हीजीआयएस ही साधने तर विनामूल्य मिळतात. गावाचे स्थान, छपराची दिशा व उतार आणि पॅनेलांची संख्या दिली, की गतवर्षांच्या ऊन-पावसाच्या नोंदींवरून कोणत्या महिन्यात किती वीज मिळेल, याचा अंदाज निघतो. पीव्हीसिस्टसारख्या आज्ञावलीत तर घर व झाडे यांची आकृती मांडून सावलीही तासातासाने फिरविता येते.

हे गणित गूढ नाही. भाट्ये सुमारे १७ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९.५ अंश वर असतो. तेव्हा ६० फूट उंच माडाची सावली उत्तरेस सुमारे ५१ फूट पडते. म्हणजे घराच्या दक्षिणेचा माड थंडीत आड येतो. उत्तरेचा मात्र क्वचितच. पॅनेलातील घट साखळीने जोडलेले असल्यामुळे थोड्या भागावरील सावलीही विजेचा प्रवाह बरीच रोडावते. परंतु ती सावली कोठे व किती वेळ पडते हे एकदा कळले, की पॅनेल चार हात सरकवूनही काम भागू शकते. ज्या माडाने दोन पिढ्यांना नारळ दिले, तो एका चुकीच्या अदमासासाठी का पडावा?

तथापि संगणकास सर्वज्ञ समजू नये. माडाची उंची चुकीची सांगितली, तर उत्तरही चुकीचेच येणार. पॅनेल पंचवीस वर्षे टिकावयाचे. तेवढ्या काळात आजचे रोप छपराच्या वर जाईल, हे आपणच त्यास सांगितले पाहिजे. शिवाय विजेचा अंदाज म्हणजे सांगाड्याच्या बळकटीची हमी नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आपल्या जिल्ह्याच्या उत्तर भागात छपरे उडविली व माड-पोफळी आडव्या केल्या. वाऱ्याचा जोर व खाऱ्या हवेचा गंज यांचा विचार जाणत्या अभियंत्याकडून स्वतंत्रपणे करून घ्यावा.

पालकांस आमची विनंती अशी, की पैसे देण्यापूर्वी संच बसविणाऱ्याकडे महिनावार अंदाज व सावलीचा हिशेब लेखी मागावा. तो देण्यास जो टाळाटाळ करील, त्याने छप्पर नीट पाहिलेच नाही असे समजावे. आणि विद्यार्थिमित्रहो, अंगणातील माडाची उंची मोजण्यास एक काठी, तिची सावली व समरूप त्रिकोणांचा नियम एवढे पुरे आहे. ते माप तुम्ही काढून द्या. शाळेत शिकलेल्या भूमितीने घरचा पैसा व परसातील माड हे दोन्ही वाचले, तर त्या विद्येचे याहून चांगले चीज कोणते?