नाव एक, स्पेलिंग तीन

कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आपल्या वस्त्यांमध्ये कागदपत्रांची धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, टी.सी., मार्कशीट, आधार कार्ड, बँकेचे पासबुक. वाळूजला किंवा चिकलठाण्याला कंपनीत जाणारा बाप एक दिवसाचा खाडा करून सेतू केंद्राच्या रांगेत उभा राहतो. अर्ज भरला की घरचे हुश्श करतात. आणि दोन महिन्यांनी मोबाईलवर संदेश येतो की अर्ज परत पाठविला आहे. कारण काय, तर नाव जुळत नाही!

आमच्या पाहण्यातील एका मुलीचे असेच झाले. दहावीच्या मार्कशीटवर आडनावाचे स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, पासबुकात तिसरे. शिष्यवृत्ती अडकली, कॉलेजने फी मागितली आणि परीक्षेचा फॉर्म भरण्यासाठी आईने कानातले गहाण ठेवले. मुलगी हुशार, घर कष्टाळू, हक्क पक्का. अडले ते एका अक्षरापाशी.

ही शिष्यवृत्ती साधी गोष्ट नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. आज तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतो. म्हणजे आता पैसे माणसाच्या ओळखीने नव्हे, तर नोंदीच्या जुळणीने मिळतात. म्हणून ही जुळणी कशी होते हे आपल्या घरातल्या प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

कॉम्प्युटर काय पाहतो?

लक्ष्मण हे नाव इंग्रजीत 'एक्स' घालून लिहा किंवा 'के-एस-एच' घालून लिहा, आपल्याला माणूस एकच दिसतो. कॉम्प्युटर मात्र अक्षराला अक्षर ताडून पाहतो. नावानंतर चुकून एक मोकळी जागा सुटली, तरी त्याच्या लेखी ते वेगळे नाव!

यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न फार जुना आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली साऊंडेक्स नावाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना उच्चाराप्रमाणे अंक द्यायचे आणि स्वर सोडून द्यायचे. या पद्धतीने लक्ष्मणची दोन्ही स्पेलिंग 'एल-२५५' अशी एकच येतात. पण वाघमारे घ्या. 'डब्ल्यू'ने लिहिले तर 'डब्ल्यू-२५६', 'व्ही'ने लिहिले तर 'व्ही-२५६'. जाधवच्या शेवटी 'व्ही' लिहिला तर 'जे-३१०', 'ओ' लिहिला तर 'जे-३००'. इंग्रजी नावांसाठी बनविलेली पद्धत मराठी आडनावापाशी अडखळते. तेव्हा मशीन समजून घेईल या भरवशावर राहू नये. आपले कागद आपणच आधी जुळवून ठेवावेत.

खतावणी म्हणजेच डेटाबेस

आवक-जावक रजिस्टरात आणि खतावणीत आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्या कारकुनांना डेटाबेस हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. खतावणीत प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान आणि पान नंबर असतो. एकाच नावाची दोन माणसे असली तरी पान नंबर वेगळा, म्हणून घोटाळा होत नाही. डेटाबेसमध्येही प्रत्येक नोंदीला असाच एक नंबर देतात, त्याला 'की' म्हणतात. आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांची ही शिस्त मांडली. तिचे सार एवढेच की एक माहिती एकाच ठिकाणी लिहा आणि बाकी ठिकाणी तिचा नंबर द्या.

आता हे आपल्या वस्तीत कसे करावयाचे ते सांगतो. विहाराच्या कमिटीने किंवा महिला मंडळाने एक रविवार द्यावा. मोबाईलवर गुगल शीट फुकट मिळते, कॉम्प्युटरवर लिबर ऑफिस फुकट आहे. त्यात दोन तक्ते करा. पहिला विद्यार्थ्यांचा : नंबर, नाव, जन्मतारीख, वर्ग, पालकांचा फोन. दुसरा कागदपत्रांचा : विद्यार्थ्याचा नंबर, कागदाचे नाव, त्यावरील स्पेलिंग जसेच्या तसे, मुदत कधी संपते. एका मुलाच्या सहा कागदांच्या सहा ओळी होतील, पण नंबर एकच राहील.

मग खालील गोष्टी सांभाळा.

पहिली, नाव ताडून पाहणे. शीटमध्ये 'ट्रिम' नावाचे सूत्र आहे, ते फालतू मोकळ्या जागा काढून टाकते. 'एक्झॅक्ट' नावाचे सूत्र दोन स्पेलिंग अक्षराला अक्षर ताडते आणि जुळते की नाही ते सांगते. ही दोन सूत्रे लावली की कोणाच्या कागदात फरक आहे ते लगेच कळते, आणि दुरुस्तीला अर्जाच्या आधी वेळ मिळतो.

दुसरी, तारीख. ०३/०४/२००६ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर असेल तर तो ४ मार्च समजतो. म्हणून शीटच्या सेटिंगमध्ये देश भारत निवडा.

तिसरी, खाते नंबर. हा बेरीज-वजाबाकीचा आकडा नव्हे. एक्सेल आकड्याचे फक्त १५ अंक धरते आणि पुढच्या अंकाचे शून्य करते. काही बँकांचे खाते नंबर १६ अंकी आहेत, त्यांचा शेवटचा अंक असा गुपचूप बदलतो. सुरुवातीचे शून्यही उडते. त्यासाठी रकान्याला आधी 'टेक्स्ट' करून घ्या आणि मगच नंबर लिहा.

चौथी, धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने ठेवा. शाळेच्या दाखल्यावर एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे असे आपल्याकडे अनेकांचे असते. १९९० च्या कायदा दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, त्यामुळे दोन्ही माहिती कामाची आहे. एकाच रकान्यात कोंबली तर दोन्ही निकामी होतात.

पाचवी आणि महत्त्वाची, लोकांची माहिती ही त्यांची ठेव आहे. पालकांची परवानगी घ्या. पूर्ण आधार नंबर शीटमध्ये लिहू नका, शेवटचे चार अंक पुरे. शीट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. दोनच जबाबदार माणसांकडे तिची चावी ठेवा.

काही तरुण विचारतील, मग अॅप कधी? आमचे म्हणणे असे की वही नीट नसेल तर अॅप काही कामाचे नाही. तक्ता नीट झाला की मगच अॅपकडे वळा. एमआयटी अॅप इन्व्हेंटर हे साधन फुकट आहे, त्यात ठोकळे जोडून मोबाईल अॅप बनविता येते. घरोघर जाऊन माहिती घ्यायची असेल तर कोबो टूलबॉक्स आहे, ते नेटवर्क नसतानाही नोंद घेते. आणि तुमच्या अँड्रॉइड मोबाईलमध्ये एसक्यूलाईट नावाचा डेटाबेस आधीपासूनच बसविलेला असतो. 'सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर' या तीन शब्दांत त्याला विचारता येते की पुढच्या महिन्यात कोणाच्या दाखल्याची मुदत संपते.

रकान्याची ताकद आपल्या समाजाने एकदा पाहिली आहे. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्धांची नोंद अवघी अडीच हजारांच्या आसपास होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. प्रगणक दारात आला तेव्हा लाखो आया-बापांनी, त्यातले कितीतरी निरक्षर, धर्माच्या रकान्यात काय लिहायचे ते स्वतः ठामपणे सांगितले. आज त्यांच्या नातवंडांना रकाने वाचण्यापुरते नव्हे, तर रकाने आखण्यापुरते शिकले पाहिजे. कारण तक्ता आखणारा ठरवितो की त्यात कोण दिसेल.

शिकण्याची सोय लांब नाही. मुंबई आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात लिबर ऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातच नायलिट ही केंद्र सरकारची संस्था कॉम्प्युटरचे अभ्यासक्रम चालविते. बारावी किंवा बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या मुला-मुलींनी तेथे जाऊन चौकशी करावी. हिशेब येणाऱ्याला डेटाबेस लवकर येतो, हा आमचा अनुभव आहे.

तेव्हा पालकहो, या रविवारी कपाटातली पिशवी खाली काढा. मुलांचे सगळे कागद सतरंजीवर मांडा आणि प्रत्येकावरचे नाव एकाखाली एक लिहून घ्या. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज सोमवारीच द्या. शिष्यवृत्तीची खिडकी उघडण्याआधी नाव एक आणि स्पेलिंगही एकच झाले पाहिजे.