शीत अणू, सजीव रेणू आणि विषयांची कुंपणे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रा. स्टीव्हन चू यांच्या नावापुढे एकाहून अधिक विभाग लागतात. एक भौतिकशास्त्राचा, तर दुसरा वैद्यकीय विद्याशाखेतील, रेणू आणि पेशी यांच्या शरीरक्रियाशास्त्राचा. अशी नेमणूक आपल्या एखाद्या विद्यापीठात करावयाची ठरली तर वेतन कोणत्या शीर्षाखाली दाखवावे आणि या गृहस्थांना कोणत्या अभ्यासमंडळावर बसवावे, याचाच खल दोन-तीन शैक्षणिक वर्षे चालेल. विनोदाचा भाग सोडला तरी मूळ प्रश्न उरतोच. अणू थंड करण्याच्या कामगिरीबद्दल १९९७ साली ज्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, ते प्राध्यापक डीएनएच्या रेणूकडे का वळले? आणि त्यांचे हे वळणे विद्यापीठाला उपरे का वाटले नाही?

अणू थंड करणे याचा अर्थ त्याचा वेग कमी करणे. सामान्य तापमानाला सोडियमचा अणू सेकंदाला सुमारे पावणेसहाशे मीटर वेगाने धावत असतो. त्याच्यावर समोरून प्रकाशाचा एक कण आदळला, तर हा वेग सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटरने घटतो. म्हणजे अणूला थोपवावयाचे तर वीस हजारांच्या घरात धक्के द्यावयास हवेत, आणि तेही केवळ समोरून. पाठीमागून बसलेला धक्का वेग वाढवील. येथे लेसरची कंप्रता किंचित कमी ठेवण्याची युक्ती कामी आली. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिटी चढ्या स्वरात ऐकू येते, तसा प्रकाशाकडे धावणाऱ्या अणूला तो प्रकाश चढ्या कंप्रतेचा भासतो आणि त्यामुळे तो अणू त्याला शोषून घेतो. उलट दिशेच्या प्रकाशाची मात्र त्याला बाधा फारशी होत नाही. सहा बाजूंनी सहा झोत सोडले, की अणू जाईल तिकडे त्याला विरोध होतो. १९८५ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे साधले. निरपेक्ष शून्याच्या वर केल्विनच्या दशलक्षांश भागांत मोजल्यास केवळ २४० भाग, इतके ते तापमान होते. या व्यवस्थेला त्यांनी नाव दिले ते प्रकाशाच्या काकवीचे. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याहून खाली जाता येणार नाही, असे तेव्हाचे गणित सांगत होते. १९८८ साली विल्यम फिलिप्स यांनी मोजले, तेव्हा ते तापमान चाळीसच्या आसपास भरले! प्रयोग चुकला नव्हता. अणूचे चित्र गणिताने फारच साधे धरले होते. पाठ्यपुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते; वर्गात मात्र तिच्यासाठी एक तास खर्च करण्यासारखा आहे.

याच बेल प्रयोगशाळेत १९८६ साली आर्थर अ‍ॅश्किन यांनी, चू यांचाही सहभाग असलेल्या एका प्रयोगात, एकाच केंद्रित झोताने सूक्ष्म कण धरून ठेवण्याचा चिमटा सिद्ध केला. पुढे अ‍ॅश्किन विषाणू पकडू लागले असता, काही दिवस तसेच राहिलेल्या नमुन्यात वाढलेले जिवाणू त्या चिमट्यात सापडले. हिरव्या प्रकाशाने ते मरत. अवरक्त प्रकाशात मात्र जगत आणि विभागतही. या कामासाठी अ‍ॅश्किन यांना नोबेल मिळाले ते २०१८ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी.

१९८७ साली चू स्टॅनफर्डला आले आणि हाच चिमटा त्यांनी डीएनएपाशी नेला. रेणूच्या टोकाला प्लॅस्टिकचा सूक्ष्म मणी जोडावयाचा, मणी चिमट्यात धरावयाचा, रेणू ताणावयाचा, आणि मग तो कसा आक्रसतो ते सूक्ष्मदर्शकातून पाहावयाचे. १९९७ साली त्यांनी विद्यार्थ्यांसह एक विलक्षण गोष्ट नोंदविली. हुबेहूब एकसारखे डीएनए रेणू एकाच प्रवाहात सोडले, तरी कोणी घडीसारखा उलगडतो, कोणी डंबेलसारखा, कोणी बराच वेळ गुंडाळलेलाच राहतो. फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी याला रेणूंचे व्यक्तिमत्त्व म्हटले. लाखो रेणूंची सरासरी काढणाऱ्या जुन्या पद्धतीला हे दिसणेच शक्य नव्हते. (साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाची सरासरी काढून निकालपत्रक बंद करणाऱ्यांनीही यावर विचार करावयास हरकत नाही.)

अतिशीत अणू आणि उबदार, ओली पेशी यांत दिसावयास काही नाते नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: गर्दीतून एक कण कसा वेगळा काढावा आणि तो काय करतो ते कसे पाहावे? कुंपण विषयांना नाही. ते असते वेळापत्रकाला आणि अंदाजपत्रकाला.

आता अध्यापनाकडे. उत्तम संशोधक तो उत्तम शिक्षक, हे समीकरण आपल्याकडे सभासमारंभांतून फार सैलपणे मांडले जाते. त्याला छेद दिला तोही शीत अणूंच्याच क्षेत्रातील एका प्राध्यापकाने. कार्ल वीमन यांनी एरिक कॉर्नेल यांच्यासह १९९५ साली रुबिडियमच्या अणूंचे बोस-आइन्स्टाइन संघनन घडविले आणि २००१ साली नोबेलचा वाटा मिळविला. त्यानंतर त्यांनी अध्यापन हाच प्रयोगाचा विषय केला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सुमारे पावणेतीनशे विद्यार्थ्यांचे दोन वर्ग घेण्यात आले. एकाला अनुभवी, विद्यार्थिप्रिय प्राध्यापकाचे व्याख्यान. दुसऱ्याला एक तरुण संशोधक, जो व्याख्यान देण्याऐवजी विद्यार्थ्यांना गटागटांत प्रश्न सोडवावयास लावी. आठवडाभराच्या अध्यापनानंतरच्या चाचणीत पहिल्या वर्गाचे सरासरी गुण ४१ टक्के, दुसऱ्याचे ७४ टक्के. हा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. व्याख्यानाच्या रसाळपणावर विसंबणाऱ्या आपल्या परंपरेला हे आकडे रुचणार नाहीत. परंतु रुची हा काही प्रतिवाद नव्हे.

तरीही संशोधन आणि अध्यापन यांची फारकत करावी, असा याचा निष्कर्ष काढणे चूक होईल. ज्या संघननाने वीमन यांना कीर्ती दिली, त्याचे मूळ ढाक्याच्या वर्गात आहे. तेथे सत्येंद्रनाथ बोस विद्यार्थ्यांना प्लांकचा नियम शिकवीत होते. उपलब्ध सिद्धता त्यांना स्वतःलाच पटेना, म्हणून त्यांनी नवी शोधली आणि १९२४ साली ती आइन्स्टाइनकडे धाडली. न पटलेले शिकवावयाचे नाही, एवढा हट्ट त्यांनी धरला होता.

अशा हट्टाला आपल्या महाविद्यालयांत जागा किती? अकरावीच्या प्रवेशालाच गणित की जीवशास्त्र, असा प्रश्न सोळा वर्षांच्या मुलापुढे टाकला जातो. दोन्ही विषय ठेवण्याची मुभा आहे. पण प्रवेश परीक्षांचा धाक आणि शिकवणीवर्गांची सोय यांपुढे ती मुभा कागदावर राहते. जो मुलगा गणित टाकतो त्याला डीएनएच्या ताणाचे सूत्र परके होते, आणि जो जीवशास्त्र टाकतो त्याला तो डीएनएच परका होतो. पुण्याच्या आयसरमध्ये २००६ पासून पदवीच्या पहिल्या वर्षांत गणित, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र एकत्र शिकविण्याची वाट धरली गेली. ती वाट आयसरच्या फाटकापाशीच का थांबावी, याचा जाब विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांना कोणीतरी विचारावयास हवा. आणि तो विचारण्याचा पहिला अधिकार, या मंडळांनी आखलेला अभ्यासक्रम वर्षानुवर्षे फळ्यावर उतरविणाऱ्या शिक्षकांचा आहे.