शनिवारची मुक्कामी गाडी

पुण्यात कामाला आलेल्या मावळ खोऱ्यातल्या माणसाने गावाकडच्या आई-वडिलांना महिन्यातून किती वेळा भेटावे, हे त्याच्या मायेपेक्षा एसटीच्या वेळापत्रकावर अधिक ठरते. शनिवारी संध्याकाळी मंडईतला गाळा आवरून किंवा पाट्या टाकून निघालेला माणूस मेट्रोने पुढच्याच स्थानकावर, स्वारगेटला काही मिनिटांत पोचतो. मंडईचे भुयारी स्थानक 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाल्यापासून एवढे सोपे झाले आहे. खरी अडचण स्वारगेटच्या पुढे आहे. तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे सुमारे साठ किलोमीटरवर, पण गाव असते त्याच्याही पलीकडे, घाटमाथ्याच्या एखाद्या वाडीत. तिथवर नेणारी, रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे माणसे व माल घेऊन परतणारी मुक्कामी गाडी नसेल, तर रविवार अर्धा प्रवासात जातो आणि पुढच्या वेळी निघण्याआधी माणूस दहादा विचार करतो. म्हणून राजगड (पूर्वीचा वेल्हे), मुळशी आणि भोर या तालुक्यांतल्या आडवाटेच्या वाड्यांसाठी पुण्याहून शनिवारची मुक्कामी गाडी नियमित सोडावी, असे माझे ठाम मत आहे.

या मागणीचा विचार करताना शहराने आपले देणेही आठवावे. मंडईची इमारत 1886 मध्ये ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. उन्हाळ्यातली करवंदे, जांभळे, पावसाळ्यातल्या रानभाज्या, मुळशीचा आंबेमोहोर हे सगळे तिथून पुणेकरांच्या ताटात गेले, पण आले ते याच डोंगरांतून. पुण्याचे पिण्याचे पाणीही पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून येते, आणि त्यांच्या पाण्याखाली याच खोऱ्यांतल्या जमिनी गेल्या. तरुण कामासाठी शहरात आले, मागे म्हातारी माणसे राहिली. खाचरातला भात, गोठ्यातली दोन गुरे आणि गुडघ्यांचे दुखणे हे सारे त्यांच्याकडेच आहे. लेक महिन्याकाठी पैसे पाठवतो, पण औषधाची चिठ्ठी वाचून दाखवायला, पावसाआधी छपरावरची कौले शाकारायला आणि तालुक्याच्या दवाखान्यात सोबत जायला माणूसच लागतो.

‘मग म्हाताऱ्यांना पुण्यातच आणा,’ असे सुचवणे सोपे आहे. पण पेठेतल्या किंवा उपनगरातल्या एका खोलीत आधीच चौघे राहत असतात, आणि आयुष्यभर अंगणात वावरलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे. ‘आता रस्ते झाले, घरोघर दुचाकी आहे,’ हा दुसरा युक्तिवाद. आषाढात धुक्यात बुडालेल्या घाटात रात्रीची दुचाकी किती धोक्याची असते, हे तिथल्या कुणालाही विचारावे. शिवाय उपचारासाठी पुण्याला यायचे असेल तर सत्तरीपुढची आई दुचाकीवर मागे बसून येणार कशी?

सर्वांत वजनदार आक्षेप तोट्याचा आहे. प्रवासी कमी, म्हणून फेरी बंद. फेरी बेभरवशाची, म्हणून प्रवासी आणखी कमी. हे चक्र खरे आहे. पण 75 वर्षांवरील नागरिकांना 2022 पासून आणि महिलांना 2023 पासून एसटीत अनुक्रमे मोफत व निम्म्या भाड्यात प्रवास देताना सरकारने हा खर्च सार्वजनिक मानलाच आहे. ज्या वाडीला गाडीच जात नाही, तिथल्या आजीला मोफत तिकिटाचा उपयोग काय? ज्या जोतीराव फुल्यांचे नाव आज मंडईला आहे, त्यांनी नगरपालिकेत असताना याच इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणाकडे वळवावा अशी भूमिका घेतली होती. सार्वजनिक पैसा आधी कुणाच्या गरजेला लागावा, हा त्यांचा प्रश्न इथेही विचारायला हवा.

आणि प्रवासी नाहीत, हेही पूर्ण खरे नाही. जुलै 2025 मध्ये राजगडासह बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शनिवार-रविवारी गुंजवणे, पाली, वेल्हे इथे पुण्याच्या मोटारींची रांग लागते. या मंडळींना सह्याद्री मनापासून आवडतो, यात शंका नाही. मात्र स्वतःच्या मोटारीतून गडाच्या पायथ्याशी उतरून तिथूनच परतणाऱ्याला गड दिसतो, पायथ्याची वाडी दिसत नाही. तोच तरुण मुक्कामी गाडीने गेला, तर त्याच्या पूर्ण तिकिटावर ती गाडी तग धरेल, त्याच गाडीत घरी निघालेला हमाल बसेल, आणि रात्रीच्या जेवणाचे पैसे वाडीतल्या चुलीपर्यंत पोचतील. गिर्यारोहण संस्थांनी आपल्या मोहिमा या गाडीच्या वेळेला बांधून घेतल्या, तर एसटी महामंडळाला आठवड्यातल्या किमान एका फेरीचे प्रवासी आधीच ठाऊक असतील.

काम अवघड नाही, पण ते तिघांनी मिळून करायचे आहे. महामंडळाने शनिवारी संध्याकाळची आणि सोमवारी पहाटेची वेळ ठरवून ती वर्षभर पाळावी. ग्रामपंचायतींनी चालक-वाहकांसाठी कोरडी खोली, पाणी आणि शौचालय द्यावे, कारण मुक्कामाची सोय नसेल तर गाडी मुक्कामाला राहणार नाही. महापालिकेने मंडईत सोमवारी सकाळी या गाड्यांतून येणाऱ्या रानभाज्या आणि फळांसाठी भाडे न घेता चार-सहा ओटे राखून ठेवावेत.