४०० फूट प्रेम

माझ्या अकोल्याच्या मावसभावाने सध्या एक नवीन खूळ काढलंय. अमरावतीच्या त्याच्या एका मित्राने गाणं बसवलंय आणि दोघांना मिळून त्याचा पहिलावहिला म्युझिक व्हिडिओ करायचाय. तोही डिजिटलवर नाही, फिल्मवर. म्हणजे खरंखुरं रीळ, निगेटिव्ह, लॅब वगैरे सगळं. गाणं प्रेमाचं आहे, आणि प्रेम बागेत झाडाभोवती फिरणारं नाही, बंद खोलीतलं, जवळिकीचं. "दादा, लोकं काहीबी म्हणतीन, पण आपल्याले फिल्मवरच करायचं हाय," असं त्याचं ठाम मत. हिशोब करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. घरात एक इंजिनीअर असला की त्याला पंख्यापासून पिच्चरपर्यंत सगळं कळतं असा आपल्याकडे समज आहे!

तर हिशोब असा. १६ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात. ४०० फुटांचं रीळ म्हणजे १६,००० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमने हे रीळ साधारण ११ मिनिटं चालतं. गाणं ४ मिनिटांचं. दोन रिळं घेतली तरी अख्खं गाणं जेमतेम पाच वेळा शूट होणार. प्रेम म्हटलं की स्लो मोशन आलंच. त्यासाठी कॅमेरा सेकंदाला ४८ फ्रेमने फिरवला की तेच रीळ साडेपाच मिनिटांत संपतं. शिवाय ओठ जुळायला हवे असतील तर सेटवर गाणंही दुप्पट वेगाने वाजवावं लागतं. नायक-नायिका एकमेकांच्या डोळ्यांत हरवलेत आणि मागे स्पीकरमधून चिरक्या आवाजात गाणं धावतंय, हे दृश्य नुसतं डोळ्यांसमोर आणून बघा :-)

त्यात अकोल्याचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे गेला की माणसं कूलरसमोर आणि रीळ फ्रिजमध्ये.

मग एवढा खटाटोप कशाला? "फिल्मचा लूक वेगळाच असतो" हे उत्तर मला फारसं पटत नाही. ग्रेन हवा तर सॉफ्टवेअरमध्ये मिळतो, आणि यूट्यूबवर मोबाईलच्या स्क्रीनवर बघणाऱ्याला फरक कळेलच असं नाही. मला पटणारं कारण एकच आहे. फिल्म थोडी असते. पंच कार्डांच्या जमान्यातले प्रोग्रॅमर कार्डांचा गठ्ठा देऊन निकालाची वाट बघत बसायचे. म्हणून ते आधी कागदावर अख्खा प्रोग्रॅम चालवून बघायचे. आपण दहा सेकंदांत कंपाईल करतो, त्यामुळे विचारही दहा सेकंदांचाच करतो. फिल्मवर काम करणाऱ्याला काय घ्यायचं आणि काय नाही, हे कॅमेरा सुरू होण्याआधी ठरवावंच लागतं.

आणि जवळिकीच्या दृश्यात ठरवण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे किती दाखवायचं. त्याबाबतीत अमरावतीकरांना शिकायला लांब जायला नको. सुरेश भट १९३२ साली अमरावतीतच जन्मले. 'रूपगंधा' हा त्यांचा पहिला संग्रह १९६१ चा. 'घरकुल' चित्रपटातलं त्यांचं गाणं सी. रामचंद्रांच्या चालीवर आशा भोसल्यांनी गायलं. 'निवडुंग' (१९८९) मध्येही भटांचं गाणं आणि आशाबाईंचाच आवाज आहे. या गाण्यांत मीलन आहे, देह आहे, आणि ते सांगणारी स्त्री लाजून बाजूला झालेली नाही. तरी ती गाणी आपण आईवडिलांसमोर रेडिओवर ऐकत मोठे झालो. भट इशाऱ्यावर थांबतात, बाकीचं ऐकणारा पूर्ण करतो. म्हणजे गाणं एवढं बोलत असताना चित्राने तेच पुन्हा दाखवायची गरज नसते. हात, खिडकीतला उजेड, विस्कटलेली चादर एवढंही पुरतं.

पण इथे एक फरक आहे. शब्द कुणा एकाच्या देहाला चिकटलेले नसतात. चित्राला चेहरा असतो. कॅमेरामन सामान आवरून मुंबईला जाईल. व्हिडिओतली मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी अमरावतीत राजकमल चौकातूनच जाणार आहे, तिथेच भाजी घेणार आहे, आणि तिच्या घरच्यांना कुणीतरी तो व्हिडिओ "तुमचीच पोरगी ना?" म्हणून पाठवणार आहे. मुलालाही बोलणी बसतील, पण तिच्या मानाने कमी. हे चूक आहे, पण आहे.

इथे फिल्मचा एक उपयोग फारसा बोलला जात नाही. डिजिटल शूटिंगमध्ये मॉनिटर असतो, आणि मॉनिटरमागे लाईटवाल्यापासून निर्मात्याच्या मेहुण्यापर्यंत पंधरा माणसं. त्यातला एखादा स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढतो, आणि व्हिडिओ यायच्या आधी तो फोटो गावभर झालेला असतो. फिल्म कॅमेऱ्याला मॉनिटर जोडला नाही तर चौकट फक्त एका डोळ्याला दिसते. निगेटिव्ह धुऊन स्कॅन होईपर्यंत फॉरवर्ड करता येत नाही. "बघू, अजून एकदा, जरा अजून जवळ" असं पंचवीस वेळा म्हणायची चैनही परवडत नाही.

म्हणून फिल्म म्हणजे सभ्यपणाची हमी, असं मात्र कुणी समजू नये. 'लास्ट टँगो इन पॅरिस' (१९७२) फिल्मवरच झाला होता. त्यातल्या बळजबरीच्या प्रसंगातला एक तपशील तरुण नटी मारिया श्नायडरला आधीपासून सांगितलेला नव्हता. तिची खरी प्रतिक्रिया हवी होती म्हणून मुद्दाम सांगितला नाही, हे दिग्दर्शक बर्तोलुच्चीने २०१३ मध्ये स्वतःच मान्य केलं. चित्रपट अभिजात ठरला, तिला मात्र तो आयुष्यभर बोचत राहिला. एचबीओने २०१८ पासून अशा दृश्यांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर ठेवायला सुरुवात केली. फाईट मास्टर नसेल तर आपण मारामारी शूट करत नाही, मग मिठीच तेवढी "होईल आपोआप" का?

पहिल्या व्हिडिओला असा माणूस परवडणार नाही हे मान्य. पण काही गोष्टी फुकट आहेत. प्रत्येक शॉट आधी कागदावर लिहा: कुठे हात, कुठे स्पर्श, कुठे कॅमेरा. तो कागद दोघा कलाकारांना द्या आणि त्यातलं काहीही खोडायचा हक्क त्यांना द्या, शूटच्या सकाळीसुद्धा. खोलीत लागतील तेवढीच माणसं, मोबाईल बाहेर. न वापरलेलं फुटेज कुणाकडे राहणार हे लिहून ठेवा, आणि व्हिडिओ बाहेर पडण्याआधी तो त्या मुलीला दाखवा. तिने नको म्हटलेला शॉट कितीही सुंदर असला तरी जाऊ द्या.

कागदावरचं हे काम झालं असेल तर फिल्म घ्या, मजा येईल. झालं नसेल तर फिल्म काय आणि मोबाईल काय, दोन्ही सारखेच. आणि पैसे दुसऱ्या रिळाला किंवा दोन दिवसांच्या तालमीला, असे एकालाच पुरणार असतील, तर एकाच रिळात भागवा आणि तालीम घ्या.