अंकाचा खर्च कोण देतो?

भाद्रपदात इगतपुरीत पाऊस आणि धुके दोघेही मुक्कामाला असतात, आणि नेमके तेव्हाच दिवाळी अंकाच्या जाहिरातींचे पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरावे लागते. "मागचं कव्हर कितीला?" दुकानदार विचारतो. मागचे कव्हर गेलेले असते. तिथे हात जोडलेले पुढारी यंदाही आहेत. मग घासाघीस करून तो अर्धे पान घेतो आणि पैसे दिवाळीनंतर द्यायचे कबूल करतो. अंकात कोण लिहिणार आहे, हे मात्र विचारत नाही. जाहिरातदाराशी आमचे कधी वाजले नाही, त्याचे कारण बहुधा हेच.

दादासाहेब फाळक्यांचे मात्र पैसा पुरवणाऱ्यांशी वाजले होते. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा भांडवलात विम्याची पॉलिसी होती आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने होते. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, मुंबईच्या भागीदारांचा पैसा आला. पाठोपाठ खटकेही उडाले आणि दादासाहेब काही काळ काशीला निघून गेले.

दिवाळी अंकात प्रश्न पैसा देणाऱ्याइतकाच लिहिणाऱ्याच्या वेळेचाही आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. तेव्हापासून अक्षरजुळणी आणि छपाई कितीतरी झटपट झाली, पण कथा लिहायला तेव्हा लागायचा तेवढाच वेळ आजही लागतो. विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नाटक-संगीताबद्दल हेच मांडले होते: कलावंताचा वेळ वाचवता येत नाही, आणि बाहेरचे पगार वाढले की कलेचा खर्चही वाढतो. आपल्याकडे तो वाढलेला खर्च लेखकच सोसतो. नोकरी सांभाळून रात्री लिहितो. बदल्यात अंकाची एक प्रत आणि जमले तर पाकीट. म्हणजे महिन्याचा पगार ज्याच्या घरी येतो, त्यालाच लिहिणे परवडते. भाताच्या खाचरात दिवसभर लावणी करणारी मुलगी किंवा बोहाड्यात सोंग नाचवणारा तरुण आमच्या अनुक्रमणिकेत का नाही, याचे उत्तर प्रतिभेत शोधू नये.

गावाच्या माथ्यावर धम्मगिरीला निराळाच हिशेब चालतो. १९७६ पासून तिथे विपश्यनेची शिबिरे भरतात. शिकवणीचे, राहण्याचे, जेवणाचे शुल्क नाही. आचार्यांना पगार नाही. दान घेतात ते दहा दिवसांचे शिबिर पुरे केलेल्याकडूनच, आणि तेही पुढे येणाऱ्यांसाठी. हे सगळे जसेच्या तसे उचलावे असे आम्ही म्हणणार नाही. लेखकाने फुकट राबावे, हे त्याला नव्याने सांगायला नको. तो राबतोच आहे. पण ज्याला लाभ झाला त्याने पुढच्याचा खर्च उचलावा, ही रीत मात्र घेण्यासारखी आहे.

वाचनालयाची एक प्रत निम्म्या आळीत फिरते, याचा आम्हांला आनंदच आहे. तरीही अंक आवडला तर पुढच्या वर्षीची वर्गणी आत्ताच भरा. कागद आणि छपाई जाहिरातींतून भागवू. वर्गणीचे पैसे वेगळ्या वहीत ठेवून पहिल्यांदा लिहिणाऱ्यांना मानधन म्हणून देऊ आणि त्याचा हिशेब पुढच्या अंकात छापू. पावती शेवटच्या पानावर आहे.